पानात शिरलंय कोण? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

श्रावण लागला की या सदराकडे येणारे फोटो बदलतात. कुंडीतला मोगरा, आंब्यावरचे तुडतुडे वगैरे मागे पडतात आणि टेकडीवरून, गडाच्या वाटेवरून, शेताच्या बांधावरून काढलेले फोटो यायला लागतात. यंदा त्यातले बरेचसे एकाच गोष्टीचे निघाले, पानावर वेडीवाकडी पांढरी रेघ किंवा फोड आल्यासारखा पांढरट डाग आणि खाली एवढंच लिहिलेलं, "हे काय आहे?" म्हणून म्हटलं हा अंक सगळा नागअळीलाच देऊन टाकू, म्हणजे पान पोखरणाऱ्या सगळ्याच मंडळींना, मग ती अळी माशीची असो, पतंगाची असो नाहीतर भुंगेऱ्याची.

एक विनंती आधीच करून ठेवते. कित्येक फोटोंमध्ये रेघ एकदम झक्कास आलीय पण झाड कुठलं तेच कळत नाही. हे किडे खाण्याच्या बाबतीत भयंकर चोखंदळ असतात, बरेचसे एकाच झाडावर किंवा एकाच कुळातल्या झाडांवर जगतात, त्यामुळे झाडाचं नाव कळलं की अर्धं काम झालं आणि नाही कळलं तर उरलेलं अर्धं कुणीच करू शकत नाही. कीड ओळखायची असेल तर आधी झाड ओळखा, हे या अंकात मी निदान तीनदा तरी म्हणणार आहे, सहन करा.

प्रश्न : नमस्कार मॅडम. ठोसेघरच्या रस्त्याला तेरडा मस्त फुललाय पण त्याच्या खूप पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा आहेत. आमच्या ग्रुपमधले एकजण म्हणाले व्हायरस आहे, दुसरे म्हणाले गोगलगाय चालून गेलीय. नक्की काय समजायचं? तीन फोटो पाठवतोय.
एक वाचक, सातारा

दोन्ही नाही. गोगलगायीचा माग पानाच्या वर असतो, चिकट असतो, बोटाने पुसला की निघतो. ही रेघ कितीही पुसा, जाणार नाही, कारण ती पानाच्या आत आहे. आणि व्हायरसचं म्हणाल तर त्याने पान पिवळं-हिरवं चट्टेरी होतं, आकसतं, पण त्याला असा रस्ता काढता येत नाही, रस्ता काढायला कुणीतरी चालणारं लागतं. पान आपल्याला कागदासारखं पातळ वाटतं पण त्याला वरून एक साल, खालून एक साल आणि मधे हिरवा गर असतो, त्या गरात अळी शिरते, तिथेच खाते, तिथेच वाढते, आणि गर खाऊन झाला की नुसती साल उरते म्हणून तेवढी जागा पांढरी दिसते.

आता रेघ नीट वाचायची कशी ते सांगते, कारण पुढच्या सगळ्या प्रश्नांना तेच लागणार आहे. रेघेचं एक टोक केसाएवढं बारीक असतं, तिथे अंडं होतं. तिथून ती रुंद होत जाते कारण अळी वाढतेय, आणि मधेच कुठे रुंदी एकदम वाढल्यासारखी वाटली तर तिथे अळीने कात टाकलेली असते. रुंद टोकाला एकतर अळी अजून आहे किंवा तिथे बारीकशी चीर दिसेल, म्हणजे बाई निघून गेल्या.

मग पान उन्हाकडे धरा, ढगाळ असेल तर मागून फोनचा टॉर्च लावा. रेघेत काळे ठिपके दिसतात ती अळीची विष्ठा, आणि ओळखीचा सगळ्यात भरवशाचा पुरावा हाच आहे, किळस करू नका. माशीची अळी पानात कुशीवर पडून खाते. तिला वेगळं असं डोकं नसतं, पाय नसतात, तोंडात फक्त काळे बारीक आकडे असतात, ते ती कोयत्यासारखे फिरवत पुढे सरकते आणि अधूनमधून कूस बदलते, त्यामुळे विष्ठेचे ठिपके कधी रेघेच्या या कडेला तर कधी त्या कडेला पडतात. पतंगाची अळी अशी कूस बदलत नाही, तिची विष्ठा बहुतेक वेळा मधोमध एका ओळीत असते, रस्त्याच्या मधल्या पट्ट्यासारखी.

तुमच्या तिसऱ्या फोटोत ठिपके दोन्ही कडांना आलटूनपालटून आहेत, म्हणजे ही माशी, अ‍ॅग्रोमायझिडी कुळातली. घरात घोंघावते ती माशी डोळ्यासमोर आणू नका, ही जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते, काळी किंवा काळी-पिवळी. युरोप आणि अमेरिकेत तेरड्याच्या भाऊबंदांवर याच कुळातली फायटोलिरिओमायझा नावाची माशी अशाच रेघा काढते. आपल्याकडची कुठली ते नुसत्या रेघेवरून ठरवता येत नाही, त्याला माशी हातात लागते, आणि तीही नर असेल तर बरं, कारण या कुळातल्या जाती नराच्या जननेंद्रियांवरून वेगळ्या करतात.

फोटोत पानावर पांढरे टाचणीने टोचल्यासारखे ठिपके पण आहेत बघा, ते तिच्याच आईचं काम. मादी पोटाच्या टोकाशी असलेल्या टोकदार अवयवाने पानाला भोकं पाडते, त्यातल्या थोड्या भोकांत अंडं घालते आणि बाकीच्यांतून झिरपणारा रस पिते. नराकडे भोक पाडायला काहीच नसतं, तो आयत्या भोकांवर येऊन पोट भरतो. (यावर आमच्या घरात बरेच विनोद झालेत, ते इथे छापण्यासारखे नाहीत.)

प्रश्न : ताई, गणपतीला पत्री आणली त्यात बेलाच्या पानांवर चंदेरी रेघा होत्या आणि आघाड्याच्या पानांवर पांढरे फुगीर डाग. दोन्ही एकच कीड का? आणि अशी पत्री वाहिली तर चालते का, सासूबाई म्हणाल्या टाकून दे.
एक वाचक, पुणे

चालते का हे गुरुजींना विचारा, माझ्या हातात नाही ते. बेलाचं पान अखंड असावं, भोक पडलेलं नसावं अशी पद्धत बऱ्याच घरांत आहे, त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर. हात लावायला काही धोका नाही, विषारी वगैरे काहीही नसतं त्यात.

पण कीड एक नाही, दोन वेगळ्या आहेत, आणि इथे झाडाचं नाव कसं उपयोगी पडतं बघा. बेल हा लिंबाच्या कुळातला. लिंबू, संत्रं, मोसंबी, बेल या सगळ्यांवर एकच प्रसिद्ध नागअळी आहे, फायलोक्निस्टिस सिट्रेला. विदर्भातल्या संत्रावाल्यांना तिची वेगळी ओळख करून द्यायला नको, नवी पालवी आली की ही हजर आणि तिने सोललेल्या जागेतून खैऱ्या रोगाचे जंतू पानात शिरतात ते वेगळंच. तिची रेघ पांढरी नसून चंदेरी असते, गोगलगायीचा भास होतो तो हिच्याच रेघेमुळे, कारण ही अळी आतला गर खात नाही, सालीच्या लगेच खालच्या पेशी फोडून त्यांचा रस पिते आणि वरची साल सुटून तिच्याखाली हवा भरते. मधोमध विष्ठेची बारीक काळपट रेषा असते. पान कोवळं असतानाच हे सगळं उरकतं आणि मग अळी पानाच्या कडेला जाऊन कड जरा दुमडून घेते आणि त्या घडीत कोष करते. तुमच्या पत्रीत एखाद्या बेलपानाची कड अशी दुमडलेली असेल तर उघडून बघा. आतून येतो तो पतंग इतका बारका, दोन-एक मिलिमीटरचा, पांढरा आणि पंखाच्या टोकाला काळा ठिपका, की उडाला तरी धूळ उडाली वाटेल.

हिला शास्त्रीय नाव मिळालं १८५६ मध्ये, स्टेन्टन नावाच्या इंग्रज माणसाने दिलं, आणि त्याच्याकडे नमुने गेले होते ते कोलकात्याहून. म्हणजे अगदी आपल्याकडची ही. पुढे ती जगभर लिंबाच्या बागांतून पसरली, १९९३ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात पोचली तेव्हा तिथल्या बागायतदारांची झोप उडवली होती तिने.

आघाड्यावर जे फुगीर डाग आहेत ते वेगळ्या पतंगाचे, टेलामोप्टिलिया हेमिस्टॅक्टा, तो आघाड्याच्या जातींवरच जगतो. कुळ मात्र तेच, ग्रॅसिलॅरिडी. या कुळातल्या बऱ्याच अळ्यांची गंमत अशी की लहानपणी त्या एकदम चपट्या असतात, रस पितात आणि बारीक रेघ काढतात, आणि पुढे कात टाकली की अंग गोल होतं, जबडे बदलतात आणि गर खायला लागतात, मग रेघेचा फोड होतो. म्हणून एकाच पानावर सुरुवातीला रेघ आणि पुढे फोड दिसला तर दोन किडे समजू नका.

प्रश्न : करंजाच्या पानांवर हिरवे-लाल मोड आल्यासारखे फुगवटे आहेत आणि सागाची पानं जाळीसारखी झालीयेत. दोन्ही नागअळी का?
एक वाचक, ठाणे

नाही, दोन्ही नाही. करंजावरच्या गाठी एका अतिसूक्ष्म कोळ्याच्या, असेरिया पोंगॅमिए, तो कोळी डोळ्यांनी दिसतच नाही, गाठ तेवढी दिसते आणि झाडाला त्याचं विशेष काही वाटत नाही. सागाची जाळी करणारी अळी पानावर उघड्यावर बसून खाते, शिरा सोडते आणि मधलं सगळं फस्त करते, तिला आपण युटेक्टोना म्हणून ओळखतो. साधी कसोटी आहे, नागअळीच्या कामात दोन्हीकडची साल निदान सुरुवातीला शाबूत असते आणि अळी मधे असते. आरपार भोक, जाळी किंवा गाठ असेल तर गुन्हेगार दुसरा.

अपवाद एक आहे आणि तो छान आहे म्हणून सांगते. जांभळाच्या पानावर कधीकधी अगदी लंबगोल भोक दिसतं, पंचिंग मशीनने पाडावं तसं सुबक, आणि भोकाला लागून पांढरट डाग. ती हेलिओझेलिडी कुळातली अळी, तिने पान पोखरलं, मग वरच्या आणि खालच्या सालीचे दोन लंबगोल तुकडे कापून एकमेकांना शिवले आणि त्या पाकिटात बसून खाली गेली.

प्रश्न : मॅडम, तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं की नागअळीचं पान डब्यात ठेवून आतून काय निघतं ते बघावं. मी रानभेंडीचं पान ठेवलं होतं. पतंग नाही, माशी नाही, एक बारीक हिरवी चमकणारी मुंगीसारखी काहीतरी निघाली, पंख होते. चुकून बाहेरून शिरली का?
एक वाचक, नाशिक

बाहेरून नाही शिरली, आतूनच निघाली, आणि माझ्या मते या अंकातला सगळ्यात भारी फोटो तुमचा आहे. ती गांधीलमाशीची अगदी दूरची आणि अगदी लहान नातेवाईक, परजीवी माशी, बहुधा युलोफिडी कुळातली, ती हिरवी चमक त्या कुळात खूप दिसते. तिने तुमच्या अळीला खाल्लं.

होतं काय, की पानात लपलं म्हणजे पक्ष्यांपासून, पावसापासून अळी वाचते खरी पण त्याच वेळी ती अडकलेली पण असते, पळायला जागा नाही आणि रेघ तर बाहेरून स्पष्ट दिसतेय. ही परजीवी मादी रेघेवरून चालत येते, अळी कुठे आहे ते हेरते आणि वरच्या सालीतूनच नांगी खुपसून अळीवर किंवा अळीच्या आत अंडं घालते. बऱ्याच जाती अळीला आधी लुळी करून टाकतात म्हणजे जेवण हलत नाही. शिवाय काही अळ्यांना नुसतं टोचून त्यांचा रस पितात, अंडं घालतच नाहीत, म्हणजे मेलेल्या अळ्यांची संख्या आपल्याला वाटते त्याहून जास्त असते.

यातली एक जात, डिग्लिफस, तिचं काम भिंगातून बघण्यासारखं आहे. तिची अळी नागअळी खाऊन संपवते आणि तिथेच पानाच्या आत कोष करते. पण पान वाळत जातं तशी वरची साल खाली बसून कोष चिरडायची भीती, म्हणून ही अळी कोष करण्याआधी आपल्याच विष्ठेचे छोटे खांब उभे करते, छत आणि जमीन यांच्यामधे टेकू. पान उजेडाकडे धरलं की कोषाच्या आजूबाजूला हे काळे ठिपके गोलाकार उभे दिसतात. तुमचं रिकामं पान अजून फेकलं नसेल तर टॉर्च लावून बघा आणि असे टेकू दिसले तर फोटो मला नक्की पाठवा.

डब्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय तर इथेच सांगून टाकते. पान फार लवकर तोडू नका, अळी अगदी बारीक असताना तोडलं तर पान वाळतं आणि ती उपाशी मरते, रेघ रुंद झालेली किंवा फोड मोठा झालेला असला पाहिजे. देठासकट तोडा, देठाला ओला टिश्यू गुंडाळा, पारदर्शक डब्यात ठेवा, डब्याच्या तळाला जराशी ओलसर माती किंवा वाळू टाका कारण बऱ्याच माश्यांच्या अळ्या पान फाडून खाली पडतात आणि मातीत कोष करतात. डबा उन्हात ठेवू नका. आतून पाणी सुटून थेंब जमायला लागले तर टिश्यू बदला, नाहीतर बुरशी सगळ्यांच्या आधी येते. आणि डब्यावर झाडाचं नाव, गाव, तारीख लिहा, आत्ता वाटतं लक्षात राहील, राहत नाही. काय निघालं ते उडून जात असेल तर डबा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे, गारठ्याने किडा स्वस्थ बसतो आणि फोटो काढता येतो.

प्रश्न : आमच्या मुळशीकडे घाणेरी सगळीकडे माजलीय. तिच्या पानांवर तपकिरी सुकलेले चट्टे दिसले. कुणीतरी सांगितलं की सरकारने घाणेरी मारायला मुद्दाम किडे सोडलेत. खरं का?
एक वाचक, मुळशी

सोडले होते हे खरं, फार जुनी गोष्ट आहे. घाणेरी मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे शोभेचं झाड म्हणून आली आणि मग काय झालं ते तुम्ही रोजच बघताय. तिला खाणारे किडे आणून सोडायचे हा प्रयोग भारतात १९२१ मध्येच सुरू झाला, तेव्हा आणलेली माशी होती ओफिओमाया लँटानी. तीही पोखरणारीच पण पान नाही, ती घाणेरीच्या फळात शिरते. पुढे १९७० च्या आसपास पान पोखरणारे दोन भुंगेरे आणले, ऑक्टोटोमा आणि युरोप्लाटा, यांच्या अळ्या पानात चट्टे पाडतात आणि मोठे झालेले भुंगेरे वरून पान खरवडतात.

मग घाणेरी संपली का नाही? एक तर आपल्या उन्हाळ्यात घाणेरीची पानं गळतात, म्हणजे पानात राहणाऱ्याचं घर आणि जेवण दोन्ही गेलं, पावसाळ्यात पालवी फुटते तेव्हा हे मूठभर उरलेले भुंगेरे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात आणि घाणेरी तोवर डोक्यावरून जाते. दुसरं म्हणजे घाणेरी ही एक सरळसाधी जात नाही, बागेत संकर करकरून बनलेली खिचडी आहे, किड्याला एक प्रकार आवडतो तर शेजारचा आवडत नाही.

तुमच्या फोटोतले चट्टे मात्र मला अळीचे वाटत नाहीत, चट्ट्याला आतून पोकळी नाही, उजेडाकडे धरल्यावर विष्ठा दिसत नाही, अळी नाही. ते बुरशीचं दिसतंय. तपकिरी चट्टा दिसला की नखाने वरची साल हलकेच उचलून बघायची, दोन साली सुट्या झाल्या आणि मधे काळा भुसा निघाला तर पोखरणारा, नाहीतर नाही.

प्रश्न : मॅडम मी अकरावीत आहे, कोल्हापूरला. मला आमच्या भागातल्या रानफुलांवरच्या नागअळ्यांचा प्रोजेक्ट करायचाय. ॲपवर फोटो टाकला की ते झाडाचा रोग सांगतं आणि औषध फवारायला सांगतं. मग ओळखायचं कसं? आणि कासला जाऊन पानं आणली तर चालतील का?
एक विद्यार्थिनी

प्रोजेक्ट नक्की कर. ॲपचं म्हणशील तर ती शेतकऱ्यांच्या पिकांसाठी बनवलेली आहेत, त्यांना सगळीकडे रोग दिसतो आणि रोग दिसला की औषध दिसतं. रानातल्या तेरड्याला औषध मारायचं काहीच कारण नाही आणि मारलं तर काय होतं ते शेतात बघितलंय लोकांनी. लिरिओमायझा ट्रायफोलाय नावाची अमेरिकन नागअळी १९९० च्या सुमारास भारतात आली आणि एरंड, टोमॅटो, झेंडू, वाल, काकडी सगळ्यांवर पसरली. ती पानाच्या आत असल्यामुळे बऱ्याच औषधांना दाद देत नाही, पण बाहेर फिरणाऱ्या त्या हिरव्या परजीवी माश्या मात्र आधी मरतात आणि नागअळी आधीपेक्षा वाढते. वरच्या नाशिकच्या प्रश्नातली चमकणारी मुंगी आठव.

कासला पान तोडू नको. २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, तिथे फूल-पान तोडायला बंदी आहे आणि असायलाच पाहिजे. अभयारण्यातही परवानगीशिवाय काही गोळा करता येत नाही. आणि तुला कासची गरजच काय, रंकाळ्याच्या काठाला, कॉलेजच्या कंपाउंडला, ऊसाच्या बांधाला आघाडा, टाकळा, एकदांडी, रानभेंडी काय वाट्टेल ते उगवतं, तिथलं काम कुणी केलेलं नसतं. कासचे फोटो सगळ्यांकडे असतात.

फोटो काढताना एका पानाचे निदान पाच काढ : अख्खं झाड फुलासकट, पान वरून, पान खालून, पान उजेडाकडे धरून, आणि रेघेच्या दोन्ही टोकांचा जवळून. पान खालून कशाला, तर काही जाती फक्त खालच्या साली लगत पोखरतात आणि वरून काही कळतच नाही. सुरुवातीच्या टोकाला सालीवर चकचकीत बारीक टिकली चिकटलेली दिसते का बघ. नेप्टिक्युलिडी कुळातले पतंग, जगातल्या सगळ्यात लहान पतंगांपैकी, अंडं पानाच्या वर चिकटवतात आणि त्याचं टरफल तिथेच राहतं, माशी मात्र अंडं पानाच्या आत घालते त्यामुळे टिकली नसते. म्हणजे अळी निघून गेली, पान वाळलं, तरी माशी की पतंग हे ठरवता येतं. पळसाच्या पानावर चट्टा आणि काळी चकचकीत टिकली दिसली तर तिसरीच शक्यता, ट्रॅकिस नावाचा छोटा भुंगेरा.

प्रजातीपर्यंत पोचायचा हट्ट धरू नको, कुळापर्यंत आणि झाडाच्या नावापर्यंत अचूक पोचलीस तरी तुझ्या नोंदी कामाच्या आहेत. आपल्याकडच्या या बारक्या पतंगांना नावं दिली त्यातला मोठा वाटा एडवर्ड मेरिक या माणसाचा, १८५४ ते १९३८, इंग्लंडमधल्या मार्लबरो कॉलेजात ग्रीक-लॅटिन शिकवणारा मास्तर. त्याने जगभरच्या १४,००० हून जास्त बारक्या पतंगांचं वर्णन केलं. आपल्या शेजारच्या कारवारहून, बिहारमधल्या पुशाच्या सरकारी कृषी संस्थेतून त्याला पोस्टाने नमुने जायचे. गडी हुशार पण हट्टी, पतंगांची जननेंद्रियं तपासून जाती वेगळ्या करायची पद्धत त्याच्या हयातीत आली तरी त्याने ती मानलीच नाही, पंखांवरच भर दिला, आणि त्यामुळे त्याच्या कित्येक जाती नंतरच्या लोकांना लंडनच्या म्युझियममधले मूळ नमुने उघडून पुन्हा तपासाव्या लागल्या. थोडक्यात, पंखांच्या फोटोवरून तुला प्रजाती सांगणारा कुणी भेटला तर जरा जपून.

अजून एक, जमलं तर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाच्या किंवा मुंबईत झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये तुझ्या शिक्षकांबरोबर परवानगी काढून जा. तिथे जुन्या काळची वाळवून चिकटवलेली झाडं असतात. गोळा करणाऱ्याचं लक्ष फुलाकडे होतं, पण पानावर रेघ असेल तर तीही तशीच वाळलेली राहते, खाली तारीख आणि गाव लिहिलेलं. फुकटचा डेटा.

प्रश्न : ताई, आमच्या बांधावर बावची खूप आहे, निळी बारीक फुलं येतात. तिच्या पानांवर आणि शेजारच्या भुईमुगावर सारखीच कीड दिसते, आधी पानाला बारीक तपकिरी डाग आणि मग पानं एकमेकांना चिकटतात. बावची काढून टाकू का?
एक शेतकरी, सोलापूर

तुमची नजर चांगली आहे दादा, ती कीड एकच आहे. अप्रोएरेमा मोडिसेला, भुईमूग, सोयाबीन, बावची अशा शेंगवर्गीय झाडांवर असते. लहान असताना पानात पोखरते, डाग दिसतात ते तेच, मोठी झाली की पानात मावत नाही मग बाहेर येते आणि पानं जाळीने जोडून त्यात राहते. म्हणजे अर्धा जन्म नागअळी आणि अर्धा जन्म पानं गुंडाळणारी.

भुईमूग नसतो तेव्हा ती बावचीवर दिवस काढते हे खरं. पण तिला मारणाऱ्या परजीवी माश्यापण तिथेच दिवस काढतात, त्यामुळे सगळा बांध साफ करून मोकळं व्हायची मला घाई वाटत नाही. पिकाला अगदी लागून असलेली बावची पेरणीआधी काढा, लांबची राहू द्या. पावसाने ताण दिला की ही वाढते आणि जोराचा पाऊस झाला की आपोआप कमी होते, म्हणून उघडीप लांबली तर दर दोन-चार दिवसांनी पानं उलटून बघत जा. औषध मारायचं की नाही आणि कुठलं, ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पान दाखवून ठरवा, फोटोवरून मी नाही सांगणार.

प्रश्न : भातावर आणि बाजूच्या रानगवतावर पांढऱ्या रेघा आहेत पण नागमोडी नाहीत, सरळ आहेत. ही कुठली नागअळी?
एक वाचक, कर्जत

ही कोकणातली जुनी ओळखीची, निळे भुंगेरे. निळसर काळा, अंगभर काटे असलेला, पाचेक मिलिमीटरचा भुंगेरा पानाच्या वर बसून शिरांना धरून हिरवं खरवडतो, गवताच्या शिरा सरळ म्हणून रेघाही सरळ आणि एकमेकींना समांतर. त्या वरच्या असतात, पोखरलेल्या नाहीत. पण त्याची अळी खरोखर पानात राहते आणि तिचा डाग वेगळा, पांढरट, लांबट, जरा फुगलेला. तसं पान उजेडाकडे धरा, आत पिवळट चपटी अळी किंवा तपकिरी कोष सरळ दिसतो, कारण ही कोष करायलाही बाहेर येत नाही. रेघाच दिसतायत आणि फुगीर डाग नाहीत असं असेल तर भुंगेरे नुकतेच आलेत, पानांच्या शेंड्याकडे अंडी शोधा आणि शेंडे खुडून टाका, म्हणजे पुढची पिढी तिथेच थांबेल.